खांद्यातल्या कॅल्शियमला हात लावण्याआधी दुखणं कुठल्या टप्प्यात आहे ते पाहा

प्रश्न: वय ४७, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वर्षभर उजवा खांदा अधूनमधून दुखायचा. फळ्यावर वरच्या बाजूला लिहिताना आणि हात पाठीमागे नेताना जास्त. गेल्या आठवड्यात एका रात्री अचानक असह्य दुखायला लागलं. आज सहावा दिवस. हात अंगापासून दूर नेता येत नाही, झोप नाही. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये सुप्रास्पायनेटस टेंडनमध्ये १४ मिलिमीटरचा कॅल्शियमचा साठा, कडा अस्पष्ट, असं लिहिलं आहे. एका डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं, दुसरे म्हणाले दुर्बिणीने काढून टाका. थायरॉइडची गोळी चालू आहे, शुगर बॉर्डरवर आहे. कॅल्शियमची गोळीही घेते. ती गोळी आणि दूध बंद करू का? ऑपरेशन करावंच लागेल का?

उत्तर:

ताई, तुम्हाला सगळ्यात आधी हवं असलेलं उत्तर देतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून आत्ता ऑपरेशनची गरज दिसत नाही. दूध बंद करू नका. आणि गेले सहा दिवस जे भयंकर दुखतंय, ते बहुतेक करून साठा विरघळायला लागल्याचं लक्षण आहे. हे पटायला अवघड जातं याची मला कल्पना आहे. जे इतकं दुखतं ते बरं होण्याच्या वाटेवर कसं असेल, असं प्रत्येक जण विचारतो. म्हणून आत नेमकं काय चाललंय ते आधी समजून घ्या. ते कळलं की कुठला उपाय कधी करायचा आणि कधी हात आवरायचा, हे तुम्हालाच डॉक्टरांशी बोलताना ठरवता येईल.

खांद्याचा गोळा त्याच्या उथळ वाटीत धरून ठेवणारे चार स्नायू असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथला चिवट पट्टा म्हणजे टेंडन, मराठीत कंडरा. चारांपैकी सुप्रास्पायनेटस हा वरून जाणारा. हात बाजूला उचलायला सुरुवात करतो तेव्हा याच्यावर ताण येतो. त्याच्या वर खांद्याच्या हाडाचं छप्पर आणि दोघांच्या मध्ये बर्सा नावाची पातळ पिशवी. कॅल्शियम साठतं ते बहुतेक वेळा याच सुप्रास्पायनेटसमध्ये, हाडाला चिकटण्याच्या जागेपासून दीड-दोन सेंटिमीटर अलीकडे. हे कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट या रूपात असतं, म्हणजे हाडात असतं त्याच जातीचं.

ते तिथे येतं कसं? पूर्वी समजूत होती की टेंडन झिजतो आणि झिजलेल्या जागी क्षार बसतात. तसं असतं तर वय वाढेल तसा हा आजार वाढला पाहिजे. प्रत्यक्षात हा त्रास तिशी ते पन्नाशीच्या घरातल्या माणसांना जास्त होतो, बायकांना पुरुषांपेक्षा अधिक, आणि सत्तरीत उलट कमी दिसतो. कॅनडातले अस्थिरोगतज्ज्ञ हान्स उथॉफ यांनी टेंडनचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून वेगळं चित्र मांडलं, आणि आज आम्ही तेच धरून चालतो. टेंडनच्या एका भागातल्या पेशी आपलं रूप बदलतात, कूर्चेच्या पेशींसारख्या होतात आणि स्वतःच कॅल्शियम तयार करायला लागतात. मग काही काळ सगळं शांत. हा काळ महिन्यांचा असतो, कधी वर्षांचाही. नंतर एके दिवशी, का ते नीट कळलेलं नाही, त्या साठ्याच्या भोवती नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात, रक्तातून भक्षक पेशी येतात आणि साठा खायला लागतात. तो संपला की टेंडन पुन्हा भरून येतो.

शांत टप्प्यातला साठा तुमच्या फळ्यावरच्या खडूसारखा असतो, कोरडा आणि भुसभुशीत. विरघळण्याच्या टप्प्यात त्याची टूथपेस्ट होते. या वेळी त्या जागी सूज येते, टेंडनच्या आतला दाब वाढतो, थोडा माल फुटून वरच्या बर्सात गेला तर तीही पेटते. माणूस हात पोटाशी धरून दवाखान्यात येतो, कुणाला हात लावू देत नाही. तुमचं वर्षभराचं अधूनमधूनचं दुखणं पहिल्या प्रकारचं होतं आणि सहा दिवसांपूर्वी सुरू झालेलं दुसऱ्या प्रकारचं, असं मला वाटतं. रिपोर्टमधले ‘कडा अस्पष्ट’ हे दोन शब्द त्याला दुजोरा देतात. शांत साठा एक्स-रेवर पांढरा-ठळक, रेखीव दिसतो. विरघळणारा ढगासारखा धूसर होतो. जर्मनीतल्या गार्टनर यांनी यावरून टाइप १, २, ३ असे प्रकार पाडले आहेत. रिपोर्टमध्ये कधी टाइप ३, म्हणजे धूसर साठा, असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. आपणहून नाहीसा होण्याची सर्वांत जास्त शक्यता त्याच प्रकारात असते.

आता दूध आणि गोळ्या. रक्तातल्या कॅल्शियमचा, आहारातल्या कॅल्शियमचा आणि खांद्यातल्या या साठ्याचा संबंध नाही. या रुग्णांच्या रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर ते सर्वसाधारण निघतं. साठा त्या एका टेंडनमधल्या पेशींनी जागच्या जागी बनवलेला असतो. त्यामुळे दूध, नाचणी, तीळ, पालक, पानातला चुना, यातलं काहीही सोडून खांदा सुधारणार नाही. चाळिशी उलटलेल्या बाईने हाडांसाठी सुरू केलेली गोळी खांद्याच्या भीतीने बंद करणं, हे मी फार वेळा पाहतो आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण नुकसान मणक्याचं आणि खुब्याचं होतं. तुमची गोळी कुणी आणि का दिली हे मात्र एकदा पाहून घ्या. गरज नसताना वर्षानुवर्षं गोळ्या घेण्यातही अर्थ नाही, पण तो वेगळा विषय झाला. लिंबूपाणी, व्हिनेगर, साठा ‘वितळवणारी’ औषधं, यांच्यावर पैसे घालवू नका. पोटात गेलेलं आम्ल टेंडनपर्यंत पोहोचत नाही.

संबंध आहे तो थायरॉइड आणि मधुमेहाशी. हे दोन आजार असलेल्यांत खांद्यातलं कॅल्शियम जास्त आढळतं आणि त्रासही लांबतो. तुमच्याकडे दोन्हींची चाहूल आहे, म्हणून टीएसएच (थायरॉइडची) आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरची) या दोन तपासण्या करून घ्या. युरिक अ‍ॅसिडपासून बी-ट्वेल्व्हपर्यंतचं अख्खं पॅकेज यासाठी लागत नाही.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा: कॅल्शियम दिसलं म्हणजे तेच दुखतंय असं गृहीत धरता येत नाही. न्यूयॉर्कचे डॉ. बॉसवर्थ यांनी १९४१ साली सहा हजारांवर कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे खांदे क्ष-किरणांनी तपासले होते. सुमारे २.७ टक्के लोकांत कॅल्शियम सापडलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना काहीच त्रास नव्हता. म्हणून एक्स-रेवरचा पांढरा ठिपका हा आजार नव्हे. खांदा आखडलेला असेल, म्हणजे दुसऱ्याने उचलला तरी हात सगळ्याच बाजूंनी अडत असेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो, आणि मधुमेहात तो फार दिसतो. दुखणं मानेतून निघून कोपराखाली बोटांपर्यंत मुंग्या येत जात असेल तर मूळ मानेत शोधावं लागतं. ठिपका पाहून घाईने त्याच्यामागे लागलं की ही दुखणी तशीच राहतात.

तपासणीसाठी साधा एक्स-रे पुरतो, हात आत आणि बाहेर वळवून काढलेला. सोबत सोनोग्राफी केली तर साठा किती मऊ आहे, टेंडन फाटला आहे का, हे कळतं. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. त्यात कॅल्शियम काळं दिसतं, टेंडनही काळाच, त्यामुळे लहान साठा चक्क निसटतो. उलट विरघळण्याच्या टप्प्यात भोवतालची सूज एवढी भडक दिसते की रिपोर्टमध्ये संसर्ग किंवा गाठीची शंका लिहून येते आणि घरचे हादरतात. एमआरआय हातात असेल आणि असं काही लिहिलं असेल तर आधी एक्स-रे काढून दोन्ही शेजारी ठेवून पाहायला सांगा.

आता तुमच्या या आठवड्याबद्दल. आत्ता एकच काम आहे, दुखणं आटोक्यात आणून झोप मिळवणं. हा तीव्र टप्पा बहुतेकांत काही दिवस ते दोन-तीन आठवडे चालतो आणि मग ओसरतो. तोवर सहन करा असं मी सांगणार नाही, भरपूर मदत करता येते.

सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी, उदाहरणार्थ नॅप्रोक्सेन, जेवणानंतर, नेमून दिलेल्या वेळेला, पाच-सात दिवस. दुखल्यावर एखादी घेतली असं केलं की सूज मागे हटत नाही. पण किडनीचा विकार, अल्सर, हृदयविकार, न आवरलेला रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी गोळी यापैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि घरातली पाकिटं नीट वाचा. मेडिकलमधून हमखास मिळणाऱ्या गोळ्यांत अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामोल एकत्र असतात. त्यावर आणखी नॅप्रोक्सेन घेतली तर एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात, आणि वरून ‘अंगदुखीची साधी गोळी’ म्हणून पॅरासिटामोल घेतलं की तेही दुप्पट होतं.

बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. या टप्प्यात गरम शेकाने अनेकांचं दुखणं वाढतं. मालिश नको, तेल लावून चोळणं नको, कुणाकडून हात ‘ओढून बसवून’ घेणं तर अजिबात नको. हात गळ्यातल्या झोळीत ठेवल्याने बरं वाटत असेल तर दोन-तीन दिवस ठेवा, पण दिवसातून काही वेळा काढा.

रात्रीचं दुखणं झोपण्याच्या पद्धतीने बरंच कमी होतं. उताणं झोपलात तर दंडाखाली, कोपरापर्यंत, घडी घातलेली चादर ठेवा. कोपर गादीत मागे गेलं की टेंडन ताणला जातो आणि तिथेच जाग येते. डाव्या कुशीवर झोपलात तर छातीशी उशी घेऊन उजवा हात तिच्यावर टाका. काहींना सुरुवातीच्या रात्री आरामखुर्चीत निम्मं टेकून जास्त झोप लागते, तेही चालेल.

व्यायाम या आठवड्यात एकच. डावा हात टेबलावर टेकवून पुढे वाका, उजवा हात सैल लोंबू द्या आणि कंबरेने अंग हलवून त्याला हलकेच झोके जाऊ द्या. खांद्याने हात फिरवायचा नाही, तो आपोआप हलला पाहिजे. मिनिट-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. खांदा आखडू नये एवढ्यासाठीच हे आहे.

इतकं करूनही तीन-चार दिवसांत झोप येत नसेल तर इंजेक्शन योग्य आहे, आणि पहिल्या डॉक्टरांचा सल्ला त्या अर्थाने बरोबरच होता. हे स्टेरॉइड बर्सात द्यायचं असतं, टेंडनच्या आत नाही. शक्यतो सोनोग्राफीवर पाहत दिलेलं चांगलं. त्याने पेटलेली बर्सा शांत होते, दोन-तीन दिवसांत बराच आराम पडतो. साठा त्याने विरघळत नाही. परिणाम काही आठवड्यांचा, पण तुमचा अवघड काळही तेवढाच आहे. शुगर बॉर्डरवर आहे म्हणून आधीच सांगतो: इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वर जाते, तेव्हा घरी किंवा लॅबमध्ये तपासत राहा. एकाने गुण आला नाही म्हणून महिन्या-महिन्याला इंजेक्शनं घेत जाऊ नका. टेंडन कमजोर होतो.

सोनोग्राफीखाली सुईने साठा धुऊन काढण्याची एक पद्धत आहे, तिला बार्बोटाज म्हणतात. जागा बधिर करून जाडशी सुई पडद्यावर पाहत साठ्याच्या मधोमध नेतात. सिरिंजमधलं सलाइन हलक्या दाबाने आत सोडायचं, अंगठा सैल करायचा, की सलाइन परत येतं ते पांढुरकं, गढूळ. सिरिंज आडवी धरली की तळाशी पांढरा गाळ बसताना दिसतो. पुन्हा सोडायचं, पुन्हा येऊ द्यायचं, परत येणारं पाणी नितळ होईपर्यंत. शेवटी बर्सात स्टेरॉइड. अर्ध्या तासाचं काम, टाका नाही, त्याच दिवशी घरी. साठा टूथपेस्टसारखा असेल तर तो सहज निघतो आणि आतला दाब उतरल्यामुळे तीव्र दुखण्यात पटकन आराम मिळताना मी पाहतो. खडूसारखा असेल तर पाणी नितळच परत येतं, मग सुईने तो ठिकठिकाणी टोचून सोडतात. धुतल्यानंतर तीन-चार महिन्यांच्या सुमारास काहींना पुन्हा थोडे दिवस दुखतं. ते तात्पुरतं असतं, तेव्हा लगेच पुढच्या उपायाकडे धावू नये.

या पद्धतीबद्दल एक महत्त्वाचा अभ्यास मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये २२० रुग्णांवर झालेला हा अभ्यास २०२३ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाचा साठा धुऊन स्टेरॉइड दिलं, दुसऱ्या गटाचा धुतल्याचा फक्त आभास करून स्टेरॉइड दिलं, तिसऱ्यात दोन्हींचा आभास. चार महिन्यांनी तिन्ही गटांच्या दुखण्यात आणि हाताच्या कामात म्हणण्यासारखा फरक नव्हता. सुधारणा तिन्ही गटांत होती. यातले रुग्ण निदान तीन महिने दुखत असलेले, जुनाट दुखण्याचे होते, त्यामुळे तुमच्यासारख्या सहा दिवसांच्या तीव्र दुखण्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. पण महिनोन्‌महिने मंद दुखणाऱ्या खांद्याला ‘सुई घातली की बरा’ असं आश्वासन कुणी देत असेल, तर त्याच्यापुढे हा अभ्यास ठेवावा असाच आहे. बऱ्याच जणांचा खांदा वेळेने आणि नीट व्यायामाने सुधारतो.

जुनाट, शांत टप्प्यातल्या साठ्यासाठी शॉकवेव्ह हा पर्याय आहे. बाहेरून दाबाच्या लहरी त्या जागी सोडतात, साधारण आठवड्याच्या अंतराने काही वेळा. यात लहरींची ताकद महत्त्वाची. जर्मनी आणि ऑस्ट्रियात १४४ रुग्णांवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त ताकदीच्या लहरींचा गुण कमी ताकदीच्या लहरींपेक्षा स्पष्टपणे चांगला होता. म्हणून पैसे भरण्यापूर्वी यंत्र कुठल्या प्रकारचं आहे आणि साठ्याची जागा एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर पाहून ठरवणार आहेत का, हे विचारा. गरोदरपणात, रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना किंवा त्या भागात संसर्ग वा कर्करोग असल्यास हा उपाय करत नाहीत. आणि तुमच्या आत्ताच्या अवस्थेत तर नकोच. जे आपणहून फुटतंय त्याच्यावर लहरी मारून दुखणं वाढवण्यात काय हशील?

दुर्बिणीच्या ऑपरेशनचीही जागा आहे. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ नियमित व्यायाम, इंजेक्शन, धुणं किंवा शॉकवेव्ह असं सगळं रीतसर करून झालं, साठा मोठा आणि घट्ट तसाच आहे आणि रोजचं काम अडतंय, अशा माणसाला मी स्वतः ऑपरेशन सुचवतो आणि त्याला गुणही चांगला येतो. पण साठा काढल्यावर टेंडनमध्ये खड्डा राहतो, कधी तो शिवावा लागतो, आणि मग हात पूर्ववत व्हायला महिने जातात. ज्याचा साठा विरघळायला लागलाय त्याने या वाटेला जाण्याचं कारण मला दिसत नाही.

दुखणं ओसरलं की खरं काम फिजिओथेरपीचं. आधी हाताची हालचाल पूर्ण मिळवायची: उताणं पडून दोन्ही हातांत काठी धरून डोक्याच्या दिशेने नेणं, भिंतीवर बोटांनी वर चढत जाणं. मग खांद्याच्या पात्याभोवतीचे स्नायू आणि रोटेटर कफ, रबरी पट्ट्यावर, कोपर अंगाशी ठेवून. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत निवलं तर ठीक. रात्री जाग आली तर दुसऱ्या दिवशी कमी करा. सहा ते बारा आठवडे चिकाटी लागते. तोवर वरच्या फळीवरचे डबे खाली आणा, ब्लाउज पुढून हुकांचा घाला, शाळेत फळ्याच्या खालच्या निम्म्या भागात लिहा किंवा मुलांना लिहायला बोलवा. पोळ्या लाटायला हरकत नाही, हात खांद्याच्या खालीच असतो.

काही लक्षणं दिसली तर मात्र वाट पाहू नका. ताप आणि सोबत खांदा लाल, गरम, सुजलेला असेल, तर सांध्यात संसर्ग नाही याची त्याच दिवशी खात्री करून घ्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी तर नक्कीच. पडल्यावर हात उचलताच येईनासा झाला तर टेंडन फाटला असू शकतो. डाव्या खांद्या-हातात दुखून छातीत दडपण, घाम, धाप असेल तर हाडाच्या डॉक्टरांकडे न जाता थेट हृदयाच्या तपासणीसाठी जा. पूर्वी कर्करोग झालेल्याने किंवा वजन घटत असलेल्याने खांद्याचं दुखणं ‘कॅल्शियमचं असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

दोन-तीन आठवड्यांत दुखणं निम्म्यावर आलं तर ठरल्यासारखं चाललंय असं समजा. एक्स-रे पुन्हा काढायचा तो सहा-आठ आठवड्यांनी, त्याआधी नाही. साठा लहान किंवा फिकट झालेला असेल तर आणखी काही करायला नको. तसाच असेल पण दुखत नसेल, तरीही नको. कॅल्शियम दोन्ही खांद्यांत असलेली माणसं असतात, म्हणून अनेक जण डाव्या खांद्याचाही एक्स-रे काढून घेतात. तुमचा डावा खांदा दुखत नसेल तर तो काढू नका.